स्कूटर, लिफ्ट आणि न्यूटन: वेग बदलत असताना बल कसं काढायचं

शेजारच्या काकूंची मुलगी यंदा अकरावी सायन्सला आहे, परवा लिफ्टचं एक गणित घेऊन आली. वहीत पहिल्याच ओळीत बल = वस्तुमान × त्वरण (त्वरण म्हणजे वेग दर सेकंदाला किती बदलतो ते) असं लिहिलेलं आणि बलाच्या जागी सरळ वजन टाकून पुढे गेलेली. सूत्र पाठ होतं पण त्यातलं बल म्हणजे नेमकं कुठलं हेच ठरवलं नव्हतं, आणि मला वाटतं बहुतेक मुलं इथेच चुकतात.

न्यूटनचा दुसरा नियम म्हणतो की वस्तूवर लागणाऱ्या सगळ्या बलांची, दिशा धरून केलेली बेरीज ही वस्तुमान × त्वरण एवढी असते. सगळ्या बलांची. एकट्या इंजिनाची नाही, एकट्या वजनाची नाही. म्हणून सूत्राला हात लावायच्या आधी चित्र काढायचं, ज्याला क्लासमध्ये एफबीडी म्हणजे फ्री बॉडी डायग्राम म्हणतात. आधी ठरवा की वस्तू कोणती, तिच्याऐवजी एक ठिपका काढा आणि तिच्यावर दुसरं कोण कोण बल लावतंय तेवढेच बाण काढा. प्रत्येक बाणाला विचारायचं, हे बल कोण लावतंय? पृथ्वी, रस्ता, दोरी, हवा असं काहीतरी उत्तर आलं पाहिजे, नाही आलं तर तो बाण खोडा. आणि वस्तुमान × त्वरण हा बाण नाहीच, तो बेरजेचा निकाल आहे, समीकरणाच्या दुसऱ्या बाजूला लिहायचा.

आता पुण्यात स्वारगेटच्या सिग्नलला उभी असलेली स्कूटर घ्या. स्कूटर ११० किलो, चालवणारा ६५, दोघं मिळून एकच वस्तू धरू, १७५ किलो. सिग्नल सुटला आणि ८ सेकंदात वेग ताशी ३६ किमी झाला. आधी ३.६ ने भागून मीटर प्रति सेकंद करा, म्हणजे १०, त्याला ८ ने भागलं की त्वरण १.२५ मीटर प्रति सेकंद वर्ग (पुढेही त्वरणाचं एकक हेच). एकूण बल १७५ × १.२५ म्हणजे सुमारे २१९ न्यूटन. पण स्कूटरला पुढे ढकलणारं बल हे नाही! हवा आणि टायरचा विरोध मिळून समजा ६० न्यूटन मागे ओढतोय, तर पुढे ढकलणारं बल वजा ६० बरोबर २१९, म्हणून पुढचं बल २७९. आणि हे २७९ स्कूटरला बाहेरून कोण देतंय तर रस्ता, टायर रस्त्याला मागे ढकलतो आणि रस्ता टायरला पुढे, हा तिसरा नियम. रस्त्यावर ऑइल सांडलेलं असलं की इंजिन कितीही जोरात असो, रस्ता हे बल देऊ शकत नाही, म्हणून चाक जागच्या जागी फिरतं.

तीच स्कूटर कात्रजच्या चढावर त्याच त्वरणाने न्यायची असेल आणि चढ समजा ५ अंशाचा असेल तर वजनाचा एक भाग उताराकडे ओढतो, तो वजन × साइन ५, आणि न्यूटनमधलं वजन म्हणजे वस्तुमान × ९.८, म्हणून १७५ × ९.८ × ०.०८७, साधारण १४९ न्यूटन. आता रस्त्याला २१९ + ६० + १४९ = ४२८ द्यावं लागतं. घाटात गाडी का दमते ते इथे आकड्यात दिसतं आणि मला हे गणित त्याचमुळे फार आवडतं. चढाच्या गणितात अक्ष नेहमी रस्त्याला समांतर घ्या, अर्धं काम वाचतं.

लिफ्टचं आता सोपं जाईल. ६० किलोचा माणूस वजनकाट्यावर उभा आहे, लिफ्ट १.२ त्वरणाने वर निघाली. माणसावर बाण दोनच, पृथ्वीचा खाली ५८८ न्यूटन आणि काट्याचा वर. वरचा वजा ५८८ = ६० × १.२ = ७२, म्हणून काट्याचं बल ६६०, आणि काटा जवळपास ६७ किलो दाखवेल. खाली निघताना त्याच त्वरणाला ५१६. मध्ये एकसारख्या वेगाने जाताना त्वरण शून्य, म्हणून पुन्हा ५८८, मग वेग कितीही असो. वेग आहे म्हणजे बल आहे असं धरणं ही चूक मी सगळ्यात जास्त पाहिलीये. आणि हो, वजन आणि काट्याचं बल ही तिसऱ्या नियमाची जोडी नाही, जोडीतली बलं कायम दोन वेगवेगळ्या वस्तूंवर असतात.

सिटी बसने ब्रेक मारला की आपण पुढे फेकले जातो ना, तिथे पुढे ढकलणारा बाण काढू नका. रस्त्यावरून बघणाऱ्याला असं कोणी ढकलताना दिसतच नाही. आपण आधीच्याच वेगाने जात राहतो, बस हळू होते. बस २ ने मंदावली तर ६० किलोच्या माणसाला मागे १२० न्यूटन हवेत, ते फरशीचं घर्षण आणि हातातला दांडा मिळून देतात.

शेवटी दोरीचं. बंद पडलेली ९०० किलोची कार टेम्पोने दोरीने ओढली, त्वरण ०.५, कारला विरोध १५० न्यूटन. दोरीतला ताण हवाय तर वस्तू म्हणून फक्त कार घ्या, कारण टेम्पो आणि कार एकत्र धरले तर दोरी आतली होते आणि तिचा बाण चित्रात येतच नाही. ताण वजा १५० = ४५०, म्हणून ताण ६००. एकदा वेग स्थिर झाला की तोच ताण १५० वर येतो, म्हणून दोरी तुटायची तर निघतानाच तुटते, टेम्पोवाल्याला सांगा की क्लच हळू सोड.