कोल्ह्यासाठी झटका कुंपण: व्होल्ट नको, ज्यूल विचारा

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावल-रावेरच्या पट्ट्यात मका दुधात आला किंवा टरबुजात गोडी उतरली, की रात्री कोल्हे शेतात शिरतात. कणसं सोलतात, टरबूज फोडतात, पाण्यासाठी ठिबकच्या नळ्या चावतात. बंदूक, फासे, विष यांचं नाव काढू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार त्याची शिकार हा गुन्हा आहे, शिवाय शेतातले उंदीर तोच खातो. त्याला बांधाबाहेर ठेवायचंय, एवढंच. नीट बसवलेलं झटका कुंपण, म्हणजे मशीनने तारेत क्षणभराचे झटके सोडणारं कुंपण, ते काम करतं.

मशीन घ्यायला गेलं की दुकानदार आधी व्होल्ट सांगतो. मोकळ्या तारेवर साधं मशीनही मोठा आकडा दाखवतं. तारेला गवत टेकलं की तो आकडा कोसळतो, तेव्हा जोर लागतो तो ज्यूलचा, म्हणजे एका झटक्यातल्या ऊर्जेचा. विचारताना ‘आउटपुट’ ज्यूल विचारा, कारण साठवलेल्या ज्यूलचा आकडा नेहमी मोठा असतो. पाच एकराला १ ज्यूल पुरतो. नाल्याकाठचं गवत किंवा रानडुकरं असतील तर २ घ्या. २ ज्यूलचं मशीन १२ व्होल्टच्या बॅटरीतून साधारण पाव अँपिअर ओढतं, म्हणजे चोवीस तासांत ६ अँपिअर-तास. २६ अँपिअर-तासांची बॅटरी आणि ४० वॅटचं पॅनल असलं की दोन-तीन ढगाळ दिवस निघतात.

तार १४ गेजची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) घ्या. चौरस एका एकराचा घेर ८३५ फूट येतो. चार पदरांना (तारेच्या एकावर एक चार ओळींना) हजार मीटरच्या वर, म्हणजे २६ किलोच्या आसपास तार लागते. पाच एकर एकत्र घेरले तर ५८ किलोत भागतं, म्हणून शेजाऱ्याबरोबर मिळून घेरणं केव्हाही परवडतं. खांब १५ फुटांवर ठेवा, कोपऱ्याच्या खांबांना तिरका टेकू द्या. पदर जमिनीपासून ६, १२, २० आणि ३० इंचांवर. कोल्हा उडी मारण्याआधी खालून घुसायला बघतो, त्यामुळे पाटाची नाली आणि बांधाची खाच मातीने भरून घ्या. काटेरी तारेत झटका सोडू नका, त्यात जनावर अडकून पडतं. ठिबकच्या जुन्या नळीचे तुकडे इन्सुलेटर म्हणून वापरू नका. उन्हाने ते चिरतात आणि पावसात तिथूनच करंट गळतो.

बहुतेक कुंपणं फसतात ती अर्थिंगमुळे. झटका जनावराच्या अंगातून जमिनीत आणि जमिनीतून मशीनकडे परत आला तरच बसतो. एप्रिल-मे महिन्यात काळी जमीन भेगाळते, अर्थिंगची सळई मोकळी पडते आणि कोरड्या मातीवर उभ्या कोल्ह्याला काहीच जाणवत नाही. पाच फुटांच्या तीन जीआय सळया दहा-दहा फुटांवर ठोका, एकाच जीआय तारेने जोडा आणि प्रत्येकीवर एक ड्रिपर सोडा. मोटारीच्या अर्थिंगपासून किमान ३३ फूट लांब राहा. उन्हाळ्यात पहिला-तिसरा पदर चालू आणि दुसरा-चौथा अर्थिंगला जोडा. मधून घुसणारा कोल्हा दोन्ही तारांना लागतो, मग जमीन कोरडी असली तरी झटका बसतो. पावसाळ्यात चारही पदर चालू करा. सर्वांत खालच्या पदराला वेगळा स्विच ठेवा, म्हणजे गवत वाढल्यावर तेवढाच बंद करता येतो.

तपासणी अशी: मशीनपासून ३०० फुटांवर लोखंडी सळई जमिनीत रोवून चालू तारेला टेकवा आणि अर्थिंगच्या सळईवर झटका कुंपणाचा व्होल्टमीटर लावा. ३०० व्होल्टच्या वर दिसलं तर अजून सळया हव्यात. कुंपणाच्या शेवटच्या टोकाला किमान ४००० व्होल्ट मिळायला हवेत.

कणीस भरायच्या आधीच कुंपण चालू करा, आणि पहिल्या रात्रीपासून. केसांतून झटका नीट लागत नाही, ओल्या नाकाला लागतो. नव्या तारेला कोल्हा आधी नाक लावून हुंगतो, त्याच वेळी झटका बसला तर तो पुढे लांबूनच फिरतो. तार बंद असताना एकदा आत आला तर मात्र घुसायचं शिकतो.

मेच्या शेवटी वादळ दिसलं की मशीनच्या दोन्ही तारा काढून ठेवा. बांधावर इशाऱ्याच्या पिवळ्या पाट्या लावा. मोटारीच्या डब्यातून सरळ तारेत वीज कधीही सोडू नका. मशीनचा झटका सेकंदाला एकदाच, क्षणभर बसतो आणि सुटतो. लाइनची वीज सोडत नाही. पहाटे पाणी भरायला येणारा माणूस त्याच तारेला चिकटतो.