सुरांच्या भाषेत नव्याने आलात? आधी हेल आवरा

मराठीत बोलताना आवाज सतत वर-खाली होत असतो, पण त्याने शब्द बदलत नाही. ‘आलास’ चढवून म्हटलं की प्रश्न होतो, उतरवून म्हटलं की विधान. ‘हो’ लांबवून वर नेला की शंका ऐकू येते. हा आपला हेल, आणि तो वाक्यावर बसतो. चिनी, थाई, व्हिएतनामी या भाषांत मात्र आवाजाची उंची शब्दाच्या आतच असते, काना-मात्रेइतकी पक्की. तिथे नव्याने राहायला आलेल्या मराठी माणसाचा शब्द बहुतेक वेळा फसतो तो या हेलामुळे. सूर पाठ असतो, पण बोलताना त्यावर मराठी चाल चढते आणि समोरच्याला दुसराच शब्द ऐकू येतो.

थाई भाषेतली एक जोडी पहिल्याच आठवड्यात पक्की करा. ‘क्लाइ’ सपाट, मधल्या पट्टीत म्हटलं की ‘दूर’. तोच शब्द वरून खाली आणला की ‘जवळ’. बाकी उच्चारात काही फरक नाही. आता पत्ता विचारताना आपण ‘जवळ?’ असं शेवट वर नेऊन विचारतो. उतरता सूर तिथेच मोडतो आणि समोरचा गोंधळतो. यावरचा उपाय आपल्याच भाषेत आहे. मराठीत ‘का’ लावून प्रश्न करता येतो ना? चिनीत वाक्याच्या शेवटी हलका ‘मा’ लागतो, थाईत ‘माइ’, व्हिएतनामीत ‘खोंग’. पहिले काही महिने प्रत्येक प्रश्न असं प्रश्नाचं अक्षर लावूनच विचारा. त्या भाषांतही प्रश्न विचारताना आवाज वर सरकतो, पण सगळी पट्टी एकदम सरकते आणि उतरणारा शब्द उतरताच राहतो. हे जमायला वेळ लागतो, म्हणून सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नका.

शंका आणि यादी या आणखी दोन ठिकाणी हेल हमखास निसटतो. नवा शब्द बरोबर आहे ना, या धास्तीने आपण तो चढवून म्हणतो. चिनीत तो आपोआप दुसऱ्या, म्हणजे चढत्या, सुरात जातो. यादी वाचतानाही शेवटचा शब्द सोडून बाकी सगळे शब्द आपण वर टांगतो. चुकलं तरी चालेल, पण शब्द ठामपणे म्हणा. चुकीचा सूर ठाम असेल तर ऐकणारा दुरुस्त करू शकतो. डळमळीत असेल तर त्याला काय दुरुस्त करायचं तेच कळत नाही.

प्रमाण चिनीत चार सूर आणि एक हलका, जवळजवळ बिनसुराचा उच्चार आहे. भाषाशास्त्रज्ञ युएन रेन चाओ यांनी १९३० मध्ये सूर मोजायला पाच पायऱ्या सुचवल्या: १ सर्वांत खालची, ५ सर्वांत वरची. त्या हिशेबाने पहिला सूर ५५ (पाचव्या पायरीवर सुरू, पाचव्यावरच संपतो), दुसरा ३५ (तिसरीवरून पाचवीवर), तिसरा २१४, चौथा ५१. ‘मा’ या चार सुरांत अनुक्रमे आई, ताग, घोडा आणि शिव्या देणे. पायऱ्या तुमच्या स्वतःच्या आवाजातल्या आहेत. गायक जशी आपापली पट्टी धरतो तसंच. त्यामुळे गाता येत नाही म्हणून घाबरू नका, इथे अमुक एक ‘सा’ कुणी मागत नाही.

सगळ्यांत जास्त घोटाळा तिसऱ्या सुराचा होतो. आकृतीत तो खाली जाऊन वर येतो, म्हणून नवशिके प्रत्येक वेळी पूर्ण झोका घेतात. मग त्यातला चढच ऐकू येतो आणि दुसरा सूर वाटतो. वाहत्या बोलण्यात तो नुसता खाली राहतो, साधारण २१. वर येणं फक्त शेवटी किंवा थांबून म्हटल्यावर. दोन तिसरे सूर लागोपाठ आले तर पहिल्याचा दुसरा होतो. ‘नी हाव’ (नमस्कार) मधला ‘नी’ म्हणूनच चढतो. ‘माइ’ तिसऱ्या सुरात विकत घेणे, चौथ्यात विकणे, त्यामुळे व्यवहारात हा सूर नीट हवा.

व्यंजनांत आपल्याला फायदा आहे, पण तो वापरला तरच. रोमन लिपीत चिनी शब्द लिहिताना जिथे ‘ब, ड, ग’ची अक्षरं दिसतात तिथे उच्चार ‘प, त, क’च्या जवळचा असतो. आपण खरोखर ‘ब’ म्हटला तर घोष (घसा थरथरवून काढलेल्या) व्यंजनामुळे पुढच्या स्वराची सुरुवात खाली ओढली जाते आणि ५५चा सूर खालून चढू लागतो. ही ओढ किती खरी आहे ते पंजाबीत दिसतं: तिथे ‘घोडा’ लिहितात ‘घ’ने, पण बोलताना ‘क’ येतो आणि स्वर खाली जातो. ‘घ’ गेला, त्याची खूण सुरात उरली.

आपल्या परंपरेलाही हे परकं नाही. पाणिनीने उदात्त (उंच), अनुदात्त (खालचा), स्वरित (दोन्ही मिळून) सांगितले ते आवाजाच्या उंचीनेच. इंद्राला मारणारा वृत्र जन्मावा म्हणून केलेल्या यज्ञातल्या ‘इन्द्रशत्रु’ या शब्दाची कथा अनेकांना ठाऊक असेल: उदात्त शेवटच्या अक्षरावर असता तर ‘इंद्राला मारणारा’, तो पहिल्यावर आला म्हणून ‘इंद्र ज्याला मारणारा’, आणि वृत्रच मेला.

सरावासाठी एकेक अक्षर घोकू नका, जोड्या घ्या. चिनीत चार सुरांपुढे चार सूर आणि हलका उच्चार मिळून २० जोड्या होतात. प्रत्येक जोडीला एक खरा शब्द शोधा आणि रोज वीसही म्हणा. ऐकायला एकच आवाज नको. बायका-पुरुष मिळून चार-पाच तरी हवेत, नाहीतर कान त्या एका माणसाची पट्टीच पाठ करतो. मग ‘प्राट’ या मोफत संगणक-प्रणालीत स्वतःचं ध्वनिमुद्रण उघडून उंचीची रेषा मूळ बोलणाऱ्याच्या रेषेशेजारी ठेवा. मर्यादा पुरुषाच्या आवाजाला ७५ ते ३०० हर्ट्झ, बाईच्या आवाजाला १०० ते ५०० ठेवा. चुकीची ठेवली तर रेषा मध्येच दुप्पट किंवा निम्म्यावर उडी मारते. ‘स’, ‘ख’ यांवर रेषा तुटणारच. तिसऱ्या सुराच्या तळाशी आवाज खरखरतो, तिथेही तुटते.

व्हिएतनामीत नुसती उंची पुरत नाही. उत्तरेकडच्या सहा सुरांत काही ठिकाणी घसा आवळतो, आवाज तुटतो. दक्षिणेत त्यांतले दोन एक झाले आहेत. म्हणून जिथे राहणार तिथलाच आवाज ऐका. सुरांच्या खुणा टंकताना गाळू नका.

जपानीत धोका कमी. शब्दात आवाज कुठे खाली पडतो एवढंच बघायचं: तोक्योत ‘हाशि’चं पहिलं अक्षर उंच तर जेवायच्या काड्या, दुसरं उंच तर पूल, ओसाकात नेमकं उलट. संदर्भाने समजून घेतात. शेवटी ‘का’ लावून प्रश्न करायची सोय तिथेही आहे, आणि त्या ‘का’वर आवाज चढवला तरी चालतो.