गावाला विचारायला जाताय? या चुका टाळा

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी गावात मानसिक आरोग्यसेवेचा आढावा घ्यायला बसलो होतो. देवळाचा मंडप, सतरंजी, तीस-चाळीस माणसं. मी उभा राहून विचारलं, "गावात कुणाला मानसिक त्रास आहे का? औषधपाणी नीट मिळतं का?" मागून एक आजोबा म्हणाले, "आमच्यात तसलं काय न्हाई बघा. सगळं बरं हाय." सगळे हसले, चहा आला, बैठक उठली. मी वहीत 'समाधानकारक' लिहिलं.

निघताना नळाजवळ एका मावशींनी थांबवलं. कमरेच्या पिशवीतून कागदाची पुडी काढून उलगडली. आत पांढऱ्या गोळ्या, एकूण एक मधोमध मोडलेल्या. थोरल्या लेकाच्या. "दोन खेपा गेले, न्हाईत म्हटल्यात. मग अर्धी अर्धी करून पुरवूलोय," म्हणाल्या. दोन बस बदलून जायचं, रोज बुडवायचा आणि रिकाम्या हातानं परत यायचं. वरून लेकाचा डोस निम्म्यावर. हे डॉक्टरला ठाऊक नव्हतं, आणि मंडपात तर कुणी बोलणारच नव्हतं.

पहिली चूक ही. चारचौघांत विचारायचं नाही. हजार वस्तीच्या गावात कोण कुठल्या खिडकीतून गोळ्या घेतो हे कळलं की मुलीच्या स्थळापर्यंत गोष्ट जाते. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला सांगतो, आणि आपण तीच माहिती मंडपात मागतो. मंडपात फक्त सेवेबद्दल बोला: दवाखाना, गोळ्या, बस, वेळ. माणसांबद्दलचं घरी किंवा शेताच्या बांधावर, एकेकट्यानं. आशाताईंच्या कामाबद्दल विचारायचं असेल तर आशाताई शेजारी बसलेल्या नकोत. हे सांगावं लागू नये, पण मी स्वतः दोनदा ही चूक केली आहे.

दुसरी चूक प्रश्नात असते. "औषध मिळतं का?" याला उत्तर "मिळतंय की." त्याऐवजी असं विचारा: "गेल्या तीन महिन्यांत गोळ्या न मिळता किती वेळा परत आलात? त्या वेळी काय केलंत?" मग पुड्या बाहेर येतात. 'मानसिक' हा शब्दही जरा बाजूला ठेवा, गावात त्याचा अर्थ 'वेडा' असाच लागतो. झोप लागत नाही, जीव घाबरतो, दारू सुटत नाही, बाळंतपणानंतर सून बोलेनाशी झाली, अशा शब्दांत विचारलं की माणसं आपणहून बोलतात. देवऋषीकडे किंवा सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर जाऊन आलेल्यांना हिणवू नका. ते तिकडे का गेले आणि दवाखान्यात का आले नाहीत, हेच तर आढाव्यात हवं असतं.

भाषेचं काय करायचं? फॉर्म कानडीत, विचारणारा कानडीत, आणि सांगणारी आजी फक्त मराठीत. मधे नातू दुभाषी. आजी नातवासमोर त्याच्या बापाच्या दारूचं कसं सांगणार? विचारणारा मराठी बोलणारा हवा, एवढं आधी ठरवून घ्या. निवेदन मराठीत देता येतं. राज्यघटनेचं कलम ३५० संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत तक्रार मांडायचा हक्क देतं. तालुक्याला लवकर हलवायचं असेल तर सोबत कानडी प्रत जोडावी, काम अडत नाही.

इथं आमच्या भागातली खास अडचण येते. भाषेचा विषय निघाला की बैठक सीमाप्रश्नावर जाते आणि दोन तासांनी सगळे घरी. राग खरा आहे, पण त्यानं गोळ्या येत नाहीत. मी आता फळ्यावर भाषेचा एकच मुद्दा लिहितो: गोळी केव्हा, किती घ्यायची ते पाकिटावर मराठीत लिहून द्या. असली नेमकी मागणी फार्मासिस्टसुद्धा दुसऱ्या दिवसापासून मान्य करू शकतो.

नोंदवहीवरही विसंबू नका. निपाणी भागातली माणसं कोल्हापूरला जातात, खानापूरची कामाला गेलेली पोरं गोव्यात बांबोळीला दाखवतात, काहीजण धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेत. सरकारी वहीत गाव निरोगी दिसतं, कारण रुग्ण दुसऱ्याच राज्याच्या वहीत आहे.

वेळ चुकली की सगळंच चुकतं. भात लावणीत सकाळी अकराची बैठक म्हणजे अध्यक्ष, मास्तर आणि युवक मंडळ. निपाणीत विडी वळणाऱ्या बायका आणि बेळगावजवळच्या वडगावचे मागावर कापड विणणारे दिवसा येणार नाहीत. रात्री आठनंतर, त्यांच्या गल्लीत जा. आणि घरात रुग्णाला सांभाळणाऱ्या किमान दोघांना आढाव्याच्या टोळीत घ्या, नुसतं उत्तर द्यायला नव्हे. वर सांगितलेल्या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळातही, म्हणजे रुग्णांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळातही, रुग्ण, त्यांना सांभाळणारे किंवा त्यांच्या संस्थांचे प्रतिनिधी यांच्यासाठी दोन जागा आहेत. मग गावपातळीवर का नकोत?

तक्रार कुठं द्यायची हा गोंधळ कायमचा. सगळं पीडीओंच्या, म्हणजे ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांच्या, टेबलावर टाकलं की तिथंच धूळ खातं. गोळ्यांचा साठा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे. तालुका रुग्णालयात मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येण्याची 'मनोचैतन्य' योजना राज्यात आहे. तो मंगळवार चुकला तर तारीख लिहून ठेवा. "डॉक्टर येत नाहीत" ही कुरकुर झाली. "या चार मंगळवारी आले नाहीत" याला उत्तर द्यावं लागतं. बस बंद झाली तर परिवहनाच्या डेपोकडे. फलक, सतरंजी असली किरकोळ कामं ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीच्या निधीतून निघतात. त्या फलकावर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर असू द्या. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

शेवटची चूक आमचीच, आणि जास्त लाजिरवाणी. विचारून गेलो ते परत गेलोच नाही. सहा महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी त्या गावात गेलो तर नळावर त्याच मावशी. त्यांनी विचारलं, "लिहून नेलंसा, त्येचं काय झालं?" माझ्याकडे काही नव्हतं. आता महिन्याभरात जाऊन तीन ओळी वाचून दाखवतो: काय मागितलं, काय मिळालं, काय नाही मिळालं आणि कुणी नाही म्हटलं. मावशींच्या खिडकीवर पुढच्या खेपेला गोळ्या होत्या. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा नव्हत्या. तारीख लिहून ठेवली आहे.