वनौषधींचं पुस्तक सुचवताना या चुका टाळा

प्रवेश झाले की बेळगाव, निपाणी, खानापूर भागातल्या आयुर्वेदाच्या मुलांमध्ये ठरलेला प्रश्न फिरू लागतो: ‘दादा, द्रव्यगुणाला कुठलं पुस्तक घेऊ?’ द्रव्यगुण म्हणजे औषधी द्रव्यांची ओळख आणि गुण शिकवणारा विषय. उत्तरंही लगेच येतात. ‘भावप्रकाश घे.’ ‘शर्मांचं बेस्ट.’ सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण अर्धवट सल्ल्यावर पोरं पैसे घालवतात आणि कधी कधी भलतीच वनस्पती डोक्यात पक्की बसवून घेतात. पैशापेक्षा हे दुसरं नुकसान भरून काढणं फार अवघड.

नुसतं नाव सांगून मोकळं होणं

‘शर्मांचं द्रव्यगुणविज्ञान’ म्हणजे आचार्य प्रियव्रत शर्मांचा हिंदी ग्रंथ. तो अनेक भागांत आहे. पहिल्या भागात रस, गुण, वीर्य, विपाक असे मूळ सिद्धांत आहेत; एकेका वनस्पतीची माहिती दुसऱ्या भागात येते. ज्याला ‘शर्मांचं घे’ एवढंच सांगितलं तो पहिला भाग घेऊन येतो आणि त्यात अडुळसा शोधत बसतो. भावप्रकाश या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथाचंही तसंच. अख्खा ग्रंथ वेगळा आणि त्यातला निघंटूचा, म्हणजे औषधी द्रव्यांची नावं-गुण सांगणारा भाग वेगळा छापलेला मिळतो. वनस्पतींसाठी हवा असतो तो निघंटू, आणि त्यावरची चुनेकरांची हिंदी टीका बहुतेकांच्या कामी येते. म्हणून भाग, टीकाकार, भाषा आणि आवृत्ती या चारही गोष्टी सांगितल्याशिवाय निरोप पाठवू नका.

भाषेचं तर आपल्याकडे विशेष. एकाच बाकावर मराठी शाळेतून आलेली खानापूरची मुलगी, कन्नड माध्यमातला गोकाकचा मुलगा आणि इंग्रजी माध्यमातला बेळगावच्या कॅम्पातला मुलगा बसलेले असतात. एकाला सोपं वाटलेलं पुस्तक दुसऱ्याला उघडवत नाही. विचारणाऱ्याला आधी विचारा: कुठल्या वर्षाला आहेस, आणि कुठल्या भाषेत वाचायला जमतं?

वनस्पतीची ओळख न सांगता पान पाठवणं

सीमाभागात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. रास्ना घ्या. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानक ग्रंथात, रास्ना म्हणजे प्लुचिया लॅन्सिओलाटा. दक्षिणेत मात्र रास्ना म्हणून अल्पिनिया गलंगाचे कंद वापरायची रीत आहे, आणि मराठी माणूस त्यालाच कुलिंजन म्हणतो. आता उत्तर भारतातल्या पुस्तकाचं रास्नेचं पान एकाने पाठवलं, बाजारातून आणलेली मुळी दुसऱ्याने बघितली, तर पानातलं वर्णन आणि हातातली वस्तू जुळणार कशी? पोरांना वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. खरं तर पुस्तकही बरोबर असतं आणि बाजारातली मुळीही तिथल्या परंपरेप्रमाणे असते. फक्त या दोन वेगळ्या वनस्पती आहेत, हे कुणी सांगितलेलं नसतं.

ब्राह्मीचीही तीच गत. ग्रंथांतली ब्राह्मी म्हणजे बाकोपा मॉनिएरी. ओलसर जागी पसरणारी, बारीक मांसल पानांची. आपल्याकडे बांधावर, पाटाच्या कडेला जी गोल, मूत्रपिंडाच्या आकाराची पानं दिसतात ती सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी. घरात तिलाच सर्रास ब्राह्मी म्हणतात, आणि कन्नड शेजारी ओंदेलग म्हणून तिची चटणी करतात. परीक्षेत उत्तर लिहिताना आणि पुढे रुग्णाला औषध देताना, दोन्ही वेळा हा फरक महत्त्वाचा आहे.

उपाय सोपा आहे. पुस्तक किंवा त्याचं पान सुचवताना वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि औषधात वापरायचा भाग लिहायचा. मग गुळवेल म्हणा, अमृतबळ्ळी म्हणा, समोरच्याला टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाचं खोड हे नेमकं कळतं.

जुनं पुस्तक जसंच्या तसं हातात देणं

जुन्या ग्रंथांवर माझं फार प्रेम आहे आणि ते मुलांनी वाचावेत असं मनापासून वाटतं. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. तेव्हा आपला जिल्हा मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे वनस्पती कुठे आढळली हे सांगताना त्यात बेळगावचा उल्लेख येत राहतो. जांबोटी-कणकुंबीच्या रानात फिरणाऱ्याला यापेक्षा जवळचा ग्रंथ कुठला?

पण त्या काळची शास्त्रीय नावं आता बदलली आहेत. नरक्या म्हणजे आजचं नोथापोडायटिस निम्मोनियाना. जुन्या पुस्तकांत ते मॅपिया या वंशात सापडेल. मंडूकपर्णी हायड्रोकोटाइल म्हणून मिळेल. सूचीत आजचं नाव सापडलं नाही की ‘या पुस्तकात ही वनस्पतीच नाही’ असं समजून मुलं ते बाजूला ठेवतात. जुनं पुस्तक देताना सोबत सांगा की आधी लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या ऑनलाइन सूचीत जुनं-नवं नाव ताडून घे.

मापांचा धोका याहून गंभीर आहे. जुन्या मराठी औषधी पुस्तकांत प्रमाण गुंज, मासा, तोळ्यात असतं. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. तोळा म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. माशाच्या जागी तोळा वाचला तर मात्रा एकदम बारापट होते. त्यातून वचनाग, बिब्बा, गुंजेचं बी असल्या विषारी द्रव्यांचा पाठ, म्हणजे औषधाची कृती असेल आणि शोधनाचं, म्हणजे विष कमी करण्याच्या प्रक्रियेचं पान वगळून फक्त पाठाचाच फोटो पुढे गेला, तर तो फोटो जिवावर बेतू शकतो. विषारी द्रव्याचं सुटं पान कुणालाही पाठवू नका, घरगुती उपाय विचारणाऱ्या मावशीला तर अजिबात नाही.

गाईडला ग्रंथ म्हणणं

कोल्हापूर-गडहिंग्लजकडे शिकणाऱ्या भावंडांची गाईडं इकडे येतात. २०२१-२२ च्या तुकडीपासून नवा अभ्यासक्रम लागू झाला, तरी त्याआधीची गाईडं अजून फिरताहेत. शिवाय प्रश्नपत्रिका ज्या त्या विद्यापीठाची. गाईड द्या, पण ते कुठल्या अभ्यासक्रमाचं आणि कुठल्या विद्यापीठाचं हे पहिल्या ओळीत लिहा.

पीडीएफचा ढीग टाकणं

एका रात्रीत साठ फायली आल्या की त्यातली एकही उघडली जात नाही. हक्क संपलेले जुने ग्रंथ खुशाल पाठवा. आजच्या लेखकाचं पुस्तक मात्र विकत घ्यायला किंवा ग्रंथालयातून आणायला सांगा.

निरोप साधारण असा असावा: ‘डॉ. वामन गणेश देसाई, औषधीसंग्रह. मराठी, १९२७. एकेका वनस्पतीची माहिती मराठीतून समजून घ्यायला छान. लॅटिन नावं जुनी आहेत, ताडून बघ. पहिल्या वर्षाला घाई नको, द्रव्यगुण सुरू झालं की काढ. आधी अडुळसा वाच, परसातला समोर ठेवून. अडलं तर पानाचा फोटो पाठव.’