लहान मुलांसाठी बैठा खेळ कसा निवडावा

खोक्यावर ठळक अक्षरांत ‘शैक्षणिक’ लिहिलेला एक खेळ आमच्या माळ्यावर धूळ खात पडला आहे. पटावर गोल फिरायचे, घरावर पोचलो की कार्ड उचलायचे आणि त्यावरच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे. पुतणीने दोन डाव सहन केले आणि विचारले, “परीक्षा संपली का?” तेव्हापासून खेळ घेताना मी एकच गोष्ट बघते. पाळी आल्यावर मूल नेमके काय करते? ठिपके मोजते, रंग जुळवते, पत्ता कुठे होता ते आठवते, दोन चालींतली एक निवडते? मग खेळ शिकवतो, खोक्यावर काहीही लिहिलेले असो. शिकणे सोंगटी हलवण्यात हवे. वरून चिकटवलेला अभ्यास मुलांना लगेच कळतो.

आधी मूल बघा, मग खोके

‘३+’ या खुणेचा संबंध बऱ्याचदा बुद्धीपेक्षा सुटे भाग घशात अडकण्याशी असतो. म्हणून घरीच तपासा: फाशावरचे ठिपके मूल ओळखते का, दहापर्यंत मोजते का, दोन पाळ्या थांबते का? ठिपके जमत नसतील तर रंगांचा फासा असलेला खेळ घ्या. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी डाव पंधरा मिनिटांत संपायला हवा. चार सोंगट्यांचा लुडो तासभर रेंगाळतो, तेव्हा दोनच सोंगट्या घ्या. घरात नियम बदलायला कुणाची परवानगी लागत नाही.

आकडे शिकवायचे तर सरळ पट्टीपासून

अमेरिकेत रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांनी २००८ मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांवर केलेला अभ्यास इथे उपयोगी पडतो. एका रांगेत १ ते १० आकडे असलेला साधा पट, दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठका, एवढ्यावर मुलांची आकड्यांची समज वाढली. तोच खेळ आकड्यांऐवजी रंगांवर खेळलेल्या मुलांत ती वाढ दिसली नाही. पुढच्या अभ्यासात गोल पटाचाही तेवढा उपयोग झाला नाही. सरळ पट्टीवर आकडा मोठा म्हणजे अंतर जास्त, वेळ जास्त, उड्या जास्त; हे मुलाच्या हाताला कळते.

आपल्या सापशिडीत नेमके इथेच अडते. पहिली ओळ डावीकडून उजवीकडे जाते, दुसरी उलट. वळणावर मूल गोंधळले तर दोष पटाचा आहे, मुलाचा नाही. पुठ्ठ्याची दहा घरांची पट्टी, मग वीस घरांची, आणि त्यानंतर सापशिडी असा क्रम ठेवा.

आणखी एक सवय लावा. सोंगटी तेवीसवर आहे आणि दान चार पडले, तर “एक, दोन, तीन, चार” म्हणत पुढे जाऊ नका. “चोवीस, पंचवीस, सव्वीस, सत्तावीस” म्हणा. असे घराचे आकडे म्हणत खेळणाऱ्या मुलांना जास्त फायदा होतो, हेही अभ्यासातून दिसले आहे. मराठी मुलांना तर याची दुप्पट गरज. एकोणचाळीस म्हटल्यावर चाळीस ऐकू येते आणि लिहायचे असते ३९! बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनपद्धत आणली तेव्हा केवढा वाद झाला. वाद राहू द्या, अडचण खरी आहे, आणि सापशिडीच्या वीस डावांत ते शब्द तोंडात बसतात.

नशिबाकडून निवडीकडे

सापशिडीत मूल काहीच ठरवत नाही, सगळे फासा ठरवतो. चौथ्या वर्षी हेच बरे, कारण आई-बाबांनाही खरोखर हरवता येते. पाच-सहाव्या वर्षी ‘कोणती सोंगटी हलवू?’ हा प्रश्न हवा. लुडोत तो आहे, कवड्या टाकून खेळायच्या चल्लस आठमध्येही. सातव्या-आठव्या वर्षापासून फासा नसलेले खेळ आणा. वाघबकरीत वाघ मोजके आणि बकऱ्या पुष्कळ. बकऱ्यांनी एकजुटीने वाघ कोंडायचे. नवकंकरीत दोघांकडे नऊ-नऊ खडे, तीन एका ओळीत आले की समोरच्याचा एक उचलायचा. हा पट आपल्या गडांवर आणि लेण्यांत दगडात कोरलेला दिसतो. पुढच्या सहलीत मुलांना शोधायला लावा.

हरण्याची तयारी

रडीचा डाव ठरलेलाच. मुद्दाम हरत राहू नका, मुले ते पकडतात. त्याऐवजी सगळे एका बाजूला असलेला खेळ आधी आणा. जर्मनीच्या हाबा कंपनीचा १९८६ सालचा फळबागेचा खेळ असा आहे: कावळा यायच्या आत सर्वांनी मिळून फळे तोडायची. हरलो तर कावळ्यावर राग काढता येतो. आणि धाकटे भावंड मध्ये लुडबुडत असेल तर त्याला कच्चा लिंबू करा, फासा टाकायचे काम द्या.

विकत घेताना, किंवा न घेता

आयएसआय चिन्ह बघा. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर ते १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे आहे. नियमांचा कागद दुकानातच वाचा. तुम्हाला पाच मिनिटांत कळला नाही तर घरी कुणालाच कळणार नाही.

चल्लस आठला तर पैसेच लागत नाहीत. फरशीवर खडूने पाच बाय पाचची चौकट आखा, चारही बाजूंच्या मधल्या घरांत आणि मध्यभागी फुल्या मारा. कवड्या नसतील तर दोन चिंचोके दगडावर घासून वेगळे करा, म्हणजे चार फाका मिळतील. जितक्या पांढऱ्या पडतील तितकी घरे पुढे. चारही काळ्या पडल्या तर आठ. बाकीचे नियम गावोगावी बदलतात. घरात आजी असेल तर ती सांगेल तेच धरा.