जमलेल्या रीफ टँकमध्ये पावडर ब्लू टँग कसा सोडावा

सहाशे लिटरचा रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याचा, प्रवाळ वाढवलेला फिशटँक आहे, दोन वर्षांत चांगला जमलाय, कोरल (प्रवाळ) फुललेत, येलो टँग मासा खडकांवर राज्य करतोय. अशा टँकसाठी नवा मासा आणताना बहुतेक जण सगळी काळजी पाणी जुळवण्यात, म्हणजे माशाला नव्या पाण्याची सवय करून देण्यात, खर्च करतात. ते काम अर्ध्या तासाचं. मासे मरतात ते बरोबर आलेल्या रोगानं आणि जुन्या माशांच्या दादागिरीनं, आणि या दोन्हींचा बंदोबस्त करायला सुमारे आठ आठवडे लागतात.

उदाहरणाला पावडर ब्लू टँग घेतलाय. अंदमान, लक्षद्वीप, मालदीवच्या प्रवाळांवर राहणारा, देखणा, पण पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला, म्हणजे मरीन इचला, चटकन बळी पडणारा आणि स्वतःही भांडखोर. याला जी पद्धत लागू पडते ती बाकीच्या बहुतेक माशांना पुरून उरते.

दुकानात पैसे देण्याआधी मासा आपल्यासमोर खाताना बघा. डोक्यामागचा भाग आणि पोट आत गेलेलं असेल तर तो मासा घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा, दगडावर अंग घासणं, एकाच कल्ल्यानं श्वास घेणं ही कृमींची लक्षणं आहेत. दुकानातल्या पाण्याची क्षारता, म्हणजे मिठाचं प्रमाण, विचारू नका, रिफ्रॅक्टोमीटर या क्षारता मोजायच्या उपकरणानं स्वतः मोजा. पुष्कळ दुकानं ती विशिष्ट गुरुत्वाच्या मापात १.०१९-१.०२० ठेवतात, आणि आपला टँक असतो १.०२५ वर.

नवा मासा थेट मुख्य टँकमध्ये न सोडता आधी वेगळ्या क्वारंटाईन टँकमध्ये ठेवायचा. तो टँक ७५ लिटरचा चालतो. मासा हाताच्या पंजाएवढा असेल तर १५० लिटरचा घ्या. आत वाळू नको, लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले समुद्री खडक) नको, कारण दोन्ही औषध शोषतात. लपायला पीव्हीसी पाइपचे तीन-चार इंची एल्बो आणि टी जोड टाका. हीटर, एअर पंप, वर जाळी. स्पंज फिल्टर मात्र आधी चार ते सहा आठवडे मुख्य टँकच्या संपमध्ये, म्हणजे फिल्टरच्या जोडटाकीत, ठेवून जिवाणूंनी भरलेला हवा. कोरा स्पंज घातलात तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी अमोनिया चढतो आणि मासा रोगाआधी त्यानंच जातो. टँक भरताना पाणी खुणेच्या बादलीनं मोजून ओता आणि काचेवर मार्करनं रेघ मारा. ७५ लिटरच्या टँकमध्ये प्रत्यक्षात ६५-६८ लिटरच मावतं, आणि औषधाचा हिशोब त्या आकड्यावर करायचा असतो. बाष्पीभवनानं पाणी रेघेखाली गेलं की फक्त आरओ-डीआयचं, म्हणजे क्षार काढलेलं, गोडं पाणी घाला.

पिशवी घरी आली की न उघडता १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगू द्या. क्वारंटाईन टँकची क्षारता दुकानाइतकीच आधी करून ठेवलेली असेल तर एवढं पुरतं. तासन्‌तास थेंब-थेंब पाणी सोडण्याची पद्धत लांबच्या प्रवासाच्या पिशवीला घातक ठरते, आणि त्याचं कारण समजून घ्यायला हवं. बंद पिशवीत माशाच्या श्वासानं कार्बन डायऑक्साईड साठतो, पीएच खाली येतो, आणि साठलेला अमोनिया त्या कमी पीएचमुळे बराचसा निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साईड उडतो, पीएच वर जातो आणि तोच अमोनियम विषारी अमोनिया बनतो. म्हणून उघडल्यावर घाई करायची: पाणी बादलीवर गाळायचं, मासा हातानं किंवा प्लास्टिकच्या डब्यानं उचलायचा. जाळीत टँगच्या शेपटीजवळचा काटा अडकतो. पिशवीतलं पाणी कुठल्याच टँकमध्ये जाता कामा नये.

क्षारता कमी करणं मासा सोसतो, वाढवणं त्याला जड जातं. रोज ०.००१ ते ०.००२ एवढीच चढवा.

पहिले तीन-चार दिवस औषध नको, नुसतं खायला घाला: नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ), मायसिस आणि लसणाचं पाणी लावलेलं आर्टेमिया (दोन्ही झिंग्यांसारखे बारीक जीव). तो खायला लागला की चिलेटेड कॉपर हे तांब्याचं औषध रोज साधारण ०.५ पीपीएमनं (लिटरला मिलिग्रॅम) वाढवत चार-पाच दिवसांत २.२५ वर न्या. मग ते ३० दिवस २.० ते २.५ च्या दरम्यान ठेवायचं. बाटली नीट वाचा, आयॉनिक कॉपर या दुसऱ्या प्रकाराची मात्रा याहून खूपच कमी असते आणि तिथे २.२५ दिलंत तर मासा मेलाच. रंगपट्टीच्या किटवर विसंबू नका, डिजिटल कॉपर चेकर घ्या.

तीस दिवस का, तर कॉपर अंगावरच्या ठिपक्याला काहीच करत नाही. परजीवी तिथे तीन ते सात दिवस कातडीखाली खातो, मग गळून तळाशी कवच करून बसतो, आणि कवच फुटून निघालेली पिल्लं नवा मासा शोधत पोहतात. कॉपर मारतं ते फक्त या पोहणाऱ्यांना. कवचं फुटायला काहींना आठवडे लागतात. मधे एखाद्या दिवशी मात्रा २.० खाली उतरली तर मोजणी पहिल्या दिवसापासून करा. रोज अमोनियाही बघा, ०.२५ पीपीएम दिसताच एक तृतीयांश पाणी बदला, आणि नव्या पाण्यात तेवढंच कॉपर आधी मिसळा. अमोनिया बांधणारी औषधं कॉपरबरोबर कधीच नको, त्यांनी कॉपर जास्त विषारी होतं.

क्लाउनफिशच्या ब्रुकलिनेला रोगावर कॉपर चालत नाही, तिथे फॉर्मलिन लागतं. म्हणून क्लाउन शक्यतो हॅचरीत वाढवलेलाच घ्या.

कॉपरचे तीस दिवस संपले की ते ॲक्टिव्हेटेड कार्बननं काढून टाका, मग कृमींवरचं औषध प्राझिक्वांटेल लिटरला २.५ मिलिग्रॅम, सहा दिवसांनी पुन्हा तेवढंच. एअर स्टोन जोरात चालू ठेवा. मग आठवडाभर औषधाशिवाय निरीक्षण. मुख्य टँकमध्ये कॉपर टाकायचा मोह कुणालाही होऊ नये, झिंगे, गोगलगायी, कोरल सगळं मरेल. आणि रोग तिथे शिरलाच तर सगळे मासे बाहेर काढून टँक ७६ दिवस माशांविना ठेवणं, एवढा एकच भरवशाचा मार्ग उरतो.

आता मुख्य टँक. पारदर्शक ॲक्रिलिकचा, भोकं पाडलेला डबा आत चुंबकांनी लावा. टँगसाठी ४० सेंटिमीटर लांबीचा तरी हवा. संध्याकाळी दिवे मंद झाले, जुन्यांचं पोट भरलं, की नव्याला डब्यात ठेवा. पहिल्या दिवशी येलो टँग पर ताठ करून डब्याला समांतर उभा राहील आणि शेपटी आपटेल. ते बघून घाबरू नका. तो डब्याशेजारी लावलेली नोरी शांतपणे खायला लागेपर्यंत, म्हणजे साधारण चार ते सात दिवस, झाकण उघडायचं नाही. नुसते दिवस मोजून उघडणारे इथेच फसतात.

सोडायचं तेही दिवे बंद झाल्यावर. झाकण काढा आणि त्याला आपणहून बाहेर येऊ द्या. दुसऱ्या दिवसापासून नोरीच्या दोन क्लिप टँकच्या दोन टोकांना लावा. येलो टँग पाठलाग सोडत नसेल तर त्याच्या झोपायच्या कोपऱ्याशी बाहेरून काचेला आरसा टेकवा, दिवसातून काही तास, दोन-तीन दिवस. किरकोळ पाठलाग चालतो. पर फाटले, नवा मासा ओव्हरफ्लोजवळ (पाणी संपमध्ये उतरतं तिथे) कोपऱ्यात धापा टाकत राहिला, दोन दिवस खायला आला नाही, तर डब्यात टाका तो दादागिरी करणाऱ्याला. नव्याला परत काढलंत तर जुन्याचा हक्क पक्का होतो. जुना आठवडाभर डब्यात राहिला की खडक नव्यानं वाटले जातात. वरची जाळी ६ मिलिमीटरची असू द्या. पहिल्या रात्री टँग उडी मारतात.

क्वारंटाईनचा स्पंज परत संपमध्ये नेऊ नका. टँक, पाइप, जाळी ब्लीचच्या पाण्यानं धुऊन, भरपूर खळबळून, दोन-तीन दिवस कडक उन्हात खडखडीत वाळू द्या.