हायफनचा निर्णय सॉफ्टवेअरवर सोडू नका: या चुका टाळा

नागपुरात एकाच कागदावर मराठी, हिंदी आणि इंग्रजी सुखाने नांदतात. सोसायटीची नोटीस घ्या, शाळेचं पत्रक घ्या, नाहीतर बर्डीवर टाइप करून घेतलेला करारनामा घ्या. असा मजकूर व्याकरण तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला की शब्द बऱ्यापैकी सुधारतात, पण हायफन, म्हणजे आपलं संयोगचिन्ह, हमखास फसतं. सॉफ्टवेअर बहुतेक वेळा नेहमीच्या वापरावरून अंदाज बांधतं. लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं, ते त्याला ठाऊक नसतं.

सगळ्यात महागात पडतं ते ‘सगळे बदल स्वीकारा’ हे बटण. इंग्रजीत ‘री-साइन’ म्हणजे पुन्हा सही करणं. मधली आडवी रेघ गेली की उरतं ‘रिझाइन’, म्हणजे राजीनामा देणं. कार्यकारिणीला पत्र लिहायचं होतं, ‘शुक्रवारपर्यंत करारावर पुन्हा सह्या करा’, आणि हातात पडलं ‘शुक्रवारपर्यंत राजीनामे द्या’. हसू येतं खरं, पण पत्र मिळालेल्या अध्यक्षांना ते कसं येणार? ‘को-ऑप’चंही तसंच. रेघ काढली की ‘कूप’ होतं, म्हणजे कोंबड्यांचं खुराडं, आणि लेटरहेडवर ‘हाउसिंग खुराडं’ छापून येतं. असे शब्द आपल्या कस्टम डिक्शनरीत आधीच घालून ठेवा आणि प्रत्येक बदल एकेक करून वाचा.

लाल रेघ आली नाही म्हणजे सगळं बरोबर, हा समज त्याहून घातक आहे. पेंच किंवा ताडोब्याच्या सफरीची इंग्रजी माहिती लिहिताना ‘मॅन-ईटिंग टायगर’ म्हणजे नरभक्षक वाघ. हायफन विसरलात तर वाघ खाणारा माणूस असाही अर्थ निघतो. व्याकरणाला दोन्ही चालतं, त्यामुळे तपासणारं सॉफ्टवेअर गप्प बसू शकतं. इथे माणसानेच वाचायला हवं, तेही मोठ्याने.

अरुंद कॉलममध्ये ओळ संपली की सॉफ्टवेअर आपणहून शब्द तोडतं. ‘नागपूर’ तुटलं तर एका ओळीच्या शेवटी ‘नाग-’ आणि खालच्या ओळीत ‘पूर’. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, त्यांना ही ओळ बातमीच वाटेल. इनडिझाइनसारख्या पानं जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये गावांची आणि माणसांची नावं निवडून त्यांना ‘नो ब्रेक’ लावा, म्हणजे ती तुटणार नाहीत. वर्डमध्ये हायफन असलेला शब्द ओळीअखेर फुटू द्यायचा नसेल, तर कंट्रोल आणि शिफ्ट दाबून हायफन टाका.

मराठीतल्या द्विरुक्तीवर काही तपासनीस फारच कडक असतात. ‘गरम गरम तर्री पोहे’ लिहिलं की एक ‘गरम’ खोडायला सांगतात, कारण इंग्रजीत सलग दोनदा आलेला शब्द सहसा टायपिंगची चूक असतो. ती सूचना बिनधास्त नाकारा. एकदाच ‘गरम’ म्हटलं तर तर्रीची वाफ कुठून येणार? वर्डमध्ये प्रूफिंगच्या पर्यायांत ‘फ्लॅग रिपीटेड वर्ड्स’समोरची खूण काढली की हा त्रास कमी होतो.

एक्सेलमध्ये हायफन थेट तारीख होतो. वर्गाच्या रकान्यात ‘5-8’ लिहा, पाचवी ते आठवीऐवजी 5 ऑगस्ट दिसेल. सेटिंग अमेरिकी असेल तर 8 मे. नंतर तो रकाना टेक्स्ट केला तर भलतीच पाच आकडी संख्या समोर येते, म्हणून टाइप करण्याआधीच टेक्स्ट निवडा किंवा सुरुवातीला एकेरी अवतरणचिन्ह द्या. तारखा बनवण्याची ही खोड इतकी जुनी आहे की 2020 मध्ये ‘मार्च1’, ‘सेप्ट1’ अशा मानवी जनुकांची अधिकृत नावंच बदलावी लागली.

दोन हायफन लागोपाठ टाकले की वर्ड बहुतेक वेळा त्यांचा डॅश, म्हणजे लांब रेघ, करतं. वाक्यात ते शोभतं, पण ईमेलच्या पत्त्यात किंवा वेबसाइटच्या दुव्यात डॅश घुसला तर पत्र पोचत नाही, पान उघडत नाही. ऑटोकरेक्टच्या पर्यायांत ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’मध्ये जाऊन हायफनचा डॅश करण्याच्या पर्यायासमोरची खूण काढा. छपाईला देण्याआधी शोधपेटीत फक्त हायफन टाका आणि सापडलेल्या प्रत्येक जागी थांबून आजूबाजूचे दोन शब्द वाचा. नावं, आकडे आणि पत्ते आधी, बाकीचं नंतर.